विद्यार्थ्यांचे स्वतंत्र संगीत-नियतकालिक : कोऱ्या कागदापासून छापील अंकापर्यंत

महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात चार मुले स्वतः रचलेले गाणे पहिल्यांदा वाजवतात, दोन-तीन वर्षे शहरातील लहानमोठ्या कार्यक्रमांत दिसतात, मग कोणी नोकरीसाठी पुण्याला जातो, कोणी बंगळुरूला, आणि बँड संपतो. त्यांनी काय वाजवले, ड्रम्स कोणाकडून उसने आणले होते, गाणे कोणाच्या घरातल्या कोणत्या खोलीत ध्वनिमुद्रित झाले, ऐकणाऱ्यांनी काय म्हटले, यांपैकी कशाचीही लेखी नोंद मागे राहत नाही. विद्यार्थ्यांनी काढलेल्या संगीत-नियतकालिकाचे खरे काम ही नोंद ठेवणे हे आहे असे माझे ठाम मत आहे. नागपुरात असा अंक काढू इच्छिणाऱ्या नवख्या मंडळींनी विषयनिवडीपासून कागदापर्यंतचा प्रत्येक निर्णय या एका कामाशी ताडून पाहावा.

असे काम मोठ्या शहरात आणि हाती पैसा असेल तरच होते, हा समज आधी दूर करायला हवा. १९७६ मध्ये लंडनमधील मार्क पेरी या बँकेतील कारकुनाने ‘स्निफिन ग्लू’ हे पंक संगीताचे पत्र सुरू केले, तेव्हा मजकूर टंकलेखन यंत्रावर टंकलेला होता, मथळे जाड पेनाने हाताने लिहिलेले होते आणि पाने छायाप्रत काढून जोडलेली होती. आपल्या देशात ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ १९९३ मध्ये अमित सैगल यांनी सुरू केले, ते मुंबईतून किंवा दिल्लीतून नव्हे, तर अलाहाबादहून. मराठीत तर लघुनियतकालिकांची परंपराच आहे, आणि १९५० च्या दशकात ‘शब्द’सारखे अंक सायक्लोस्टाइल करून, म्हणजे मेणकागदावरून हाताने प्रती काढून, हातोहात वाचले जात होते.

कोणते संगीत आणि कोणासाठी

पहिल्या बैठकीत ‘स्वतंत्र संगीत’ या शब्दाचा अर्थ ठरवून तो लिहून ठेवावा, कारण पुढचे निम्मे वाद तिथेच मिटतात. ज्या संगीताची रचना, ध्वनिमुद्रणाचा खर्च आणि प्रसार कलाकार स्वतःच्या बळावर करतो, पाठीशी मोठी कंपनी किंवा चित्रपट नसतो, ते स्वतंत्र, ही व्याख्या मला कामाला पुरेशी वाटते. ही व्याख्या प्रामाणिकपणे लावली की गिटार घेतलेल्या मुलांपलीकडेही बरेच काही दिसू लागते. मिरवणुकीत वाजणारी संदल आणि धुमाल पार्टी (ढोल-वाद्यांचे स्थानिक ताफे), दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास ऐकू येणारी आणि बहुतेक वेळा स्थानिक गायकांनी स्वखर्चाने काढलेली भीमगीते, ज्यांचे नाव आपल्या विद्यापीठाला आहे त्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतील खंजिरी भजन मंडळे, आणि वऱ्हाडी-नागपुरी बोलीत रॅप करणारी आजची मुले, हे सगळे या व्याख्येत बसते. पहिल्या अंकात हे सगळेच घ्यावे असे मी म्हणत नाही. परंतु केवळ इंग्रजी रॉक म्हणजेच ‘इंडी’, म्हणजे स्वतंत्र संगीत, असे गृहीत धरून सुरुवात केली, तर हा अंक नागपुरातून काढण्याचे कारणच उरत नाही.

वाचक ठरवताना ‘१८ ते २५ वयोगटातील तरुण’ असे लिहून थांबू नये, कारण अशा वाक्यावरून कोणताही निर्णय घेता येत नाही. त्याऐवजी एका वाचकाचे अर्धे पान वर्णन लिहावे : हिंगण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून रोज बसने शहरात परतणारी मुलगी, कानात इअरफोन, परदेशी बँडची नावे तोंडपाठ, पण आपल्या शहरात शनिवारी संध्याकाळी कोण वाजवणार आहे याची तिला कल्पना नाही. मग अशा दहाजणांना प्रत्यक्ष भेटून तीनच प्रश्न विचारावेत. शेवटचे नवे गाणे कोणाकडून कळले? छापील काही शेवटचे कधी वाचले आणि ते का ठेवून दिले? या अंकासाठी खिशातून किती रुपये द्याल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अंकाची किंमत ठरवते आणि दुसऱ्याचे उत्तर त्याचा आकार.

कागदाची डमी

नवखे संच जिथे सर्वाधिक घाई करतात ती ही पायरी आहे, आणि म्हणून तिच्यावर मी सर्वाधिक जागा खर्च करणार आहे. संगणक उघडण्यापूर्वी कागद दुमडून अंकाची डमी, म्हणजे कोरी नमुना-प्रत, तयार करावी. पहिल्या अंकासाठी ए-५ हा आकार, म्हणजे १४८ × २१० मिलिमीटर, मला सर्वांत सोयीचा वाटतो, कारण नेहमीचा ए-४ कागद मधोमध दुमडला की तो मिळतो आणि कोणत्याही डिजिटल छपाईच्या दुकानात तो छापता येतो. एका ए-४ कागदाच्या दोन्ही बाजू मिळून चार पाने होतात, त्यामुळे मध्यभागी पिना मारलेल्या अंकाची पृष्ठसंख्या चारच्या पटीतच असावी लागते. आम्ही काढलेल्या पहिल्या अंकाचा मजकूर ३० पानांचा झाला होता, आणि उरलेल्या दोन पानांसाठी छपाईच्या आदल्या रात्री काहीतरी लिहावे लागले. ती दोन पाने आजही त्या अंकातील सर्वांत कमकुवत पाने आहेत. म्हणून आधी ३२ हा आकडा ठरवावा आणि मजकूर त्यात बसवावा.

आठ कागद एकात एक ठेवून दुमडावेत आणि पेन्सिलीने १ ते ३२ असे क्रमांक घालावेत. असे केले की काही गोष्टी न सांगता कळतात. विषम क्रमांकाचे पान नेहमी उजवीकडे येते. सर्वांत बाहेरच्या कागदावर १ आणि ३२ तसेच २ आणि ३१ ही पाने येतात, म्हणजे मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि त्यांच्या आतील बाजू यांचा मिळून एकच कागद असतो, आणि तोच जाड घ्यायचा असतो. समोरासमोरची दोन पाने सलग एकाच कागदावर छापली जातात ती फक्त मधोमध, १६ आणि १७ या क्रमांकांवर. इतर प्रत्येक जोडपानाची दोन अर्धी वेगवेगळ्या कागदांवर असतात आणि घडीत एखादा मिलिमीटर मागेपुढे होतात. म्हणून दोन पानांवर पसरलेले मोठे छायाचित्र मध्यभागीच ठेवावे, आणि इतरत्र जोडपानावर चित्र टाकलेच, तर कलाकाराचा चेहरा घडीवर येणार नाही याची काळजी घ्यावी.

यानंतर भिंतीवर किंवा मोठ्या कागदावर ३२ चौकोन काढून पृष्ठनकाशा तयार करावा. त्यात माझा क्रम साधारण असा असतो : पान ३ वर अनुक्रमणिका आणि श्रेयनामावली, ४ वर संपादकीय, ५ ते ९ लहान नोंदी आणि येत्या कार्यक्रमांची माहिती, १० ते १५ एक दीर्घ वार्तांकन, १६-१७ छायाचित्र, १८ ते २३ मुख्य मुलाखत, त्यापुढे परीक्षणे, आणि शेवटी एखादे तांत्रिक पान, उदाहरणार्थ घरातील खोलीत गाद्या-रजया लावून आवाज कसा मुद्रित करावा याविषयी. सलग तीन दाट मजकुराची जोडपाने आली की वाचक थकतो, हे नकाशात लांबूनच दिसते. जाहिरातींची जागाही इथेच राखून ठेवावी. वाद्यांची दुकाने आणि संगीताचे वर्ग चालवणारे लोक मुखपृष्ठाच्या आतील बाजूसाठी किंवा मलपृष्ठासाठी तयार होऊ शकतात, परंतु जाहिरात देणाऱ्याच्या विद्यार्थ्याचे कौतुक त्याच अंकात छापणे टाळावे.

मजकूर जमवताना

मुलाखतीला जाण्यापूर्वी कलाकाराची उपलब्ध सर्व गाणी किमान तीनदा ऐकावीत, एकदा चांगल्या हेडफोनवर, एकदा फोनच्या स्पीकरवर आणि एकदा दुसरे काही काम करत असताना. परीक्षण लिहिताना ‘अप्रतिम’, ‘हृदयस्पर्शी’ अशी विशेषणे पहिल्या मसुद्यातच खोडावीत आणि त्यांच्या जागी कानाला प्रत्यक्ष काय ऐकू आले ते लिहावे : आवाज तालाच्या मागे रेंगाळतो की पुढे धावतो, दुसऱ्या कडव्यात बास का थांबतो, ध्वनिमुद्रणात पंख्याची घरघर राहिली आहे का आणि ती खटकते का. कागदावर गाणे वाजत नाही, त्यामुळे वाचकाला ते ऐकावेसे वाटेल इतका नेमकेपणा शब्दांतच आणावा लागतो. शहर लहान असल्यामुळे परीक्षकाचा मित्र त्या बँडमध्ये असण्याची शक्यता मोठी असते. तसे असेल तर परीक्षण दुसऱ्याने लिहावे, आणि ते शक्य नसेल तर ओळख असल्याचे परीक्षणाच्या सुरुवातीलाच सांगावे.

भाषेचा प्रश्न नागपुरात विशेष महत्त्वाचा आहे. निवेदन प्रमाण मराठीत असावे, पण अवतरणातील बोली जशीच्या तशी राहावी असा आमचा नियम आहे. एखादा ड्रमर ‘मी सहा वर्षांपासून वाजवून राहिलो’ असे म्हणाला असेल, तर त्याचे ‘मी सहा वर्षांपासून वाजवत आहे’ असे करू नये. त्या ‘राहिलो’मध्ये त्याचे शहर आहे, आणि नोंद ठेवायची ती त्याचीच. मात्र मुलाखतीतील अवतरणे छापण्यापूर्वी त्याला वाचून दाखवावीत आणि बोली ठेवण्यास त्याची हरकत नाही ना, हे विचारावे, कारण आपली बोली आपल्याला हसण्यासाठी छापली आहे असे कोणाला वाटता कामा नये. यासोबत एक पानाची लेखनपत्रिका तयार करावी : ‘बँड’ की ‘बॅण्ड’, ‘गिटार’ की ‘गिटारी’, गाण्यांची नावे अवतरणचिन्हांत की ठळक अक्षरांत, हे एकदा ठरवले की मुद्रितशोधन करणाऱ्याचे पुष्कळ काम वाचते.

हक्कांविषयी थोडक्यात सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ समीक्षेसाठी न्याय्य प्रमाणात अवतरण देण्याची मुभा देते. त्यामुळे परीक्षणात दोन ओळी उद्धृत करणे वेगळे आणि संपूर्ण गीत छापणे वेगळे. संपूर्ण गीतासाठी गीतकाराची आणि छायाचित्रासाठी छायाचित्रकाराची लेखी परवानगी घ्यावी. साधा ई-मेलही पुरतो, पण तो जपून ठेवावा.

अक्षर, रंग आणि मांडणी

मांडणीला बसण्यापूर्वी एका मोठ्या कार्डशीटवर आवडलेली तिकिटे, भित्तिपत्रके, दुकानांच्या पाट्या, जुन्या कॅसेटची आवरणे आणि रंगांचे तुकडे चिकटवून एक संदर्भफलक करावा. चित्रकला महाविद्यालयातील एखादा मित्र संचात असेल, तर हे काम त्याच्याकडे द्यावे. नागपूर म्हणजे संत्री, म्हणून नारिंगी रंग, हा विचार सर्वांनाच सर्वांत आधी सुचतो आणि तेवढ्यासाठीच तो बाजूला ठेवावा. धुमालच्या गाडीवरील रोषणाई, इतवारीतील हाताने रंगवलेल्या पाट्या, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवल्या जाणाऱ्या मारबतीच्या पुतळ्यांचा पिवळा आणि काळा, यांतून अधिक नेमका रंग सापडतो. पहिल्या अंकासाठी काळा आणि आणखी एक रंग, एवढे पुरे. दोनच रंगांची शिस्त नवख्या मांडणीला सावरून धरते.

अंकाचे नाव दोन किंवा तीन अक्षरांचे असल्यास मुखपृष्ठावर मोठे घेता येते. ‘सूर’, ‘ताल’, ‘लय’ हे शब्द इतक्या ठिकाणी वापरले गेले आहेत की त्यांनी कोणाची ओळख पटत नाही. नाव ठरवताना ते अंगठ्याच्या नखाएवढ्या आकारात छापून पाहावे, कारण फोनवर मुखपृष्ठ तेवढेच दिसणार असते. शक्य असेल तर नाव हाताने रेखाटून घ्यावे.

देवनागरीची मांडणी रोमनच्या नियमांनी करता येत नाही. आपली अक्षरे शिरोरेषेला टांगलेली असतात, वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असतात, म्हणून ओळींमधील अंतर जास्त लागते, १०.५ पॉइंटच्या अक्षराला १६ पॉइंटची ओळ मला डोळ्यांना सुखद वाटते. अक्षरांमधील अंतर वाढवून मथळा ताणू नये, कारण शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. ए-५ पानावर दोन स्तंभ केले, तर मराठीतील लांब जोडशब्दांमुळे ओळींत मोठ्या फटी पडतात. एकच स्तंभ ठेवावा आणि उजवी कड मोकळी सोडावी. घडीकडील समास १६ आणि बाहेरचा १२ मिलिमीटर ठेवल्यास मजकुराला १२० मिलिमीटर रुंदी मिळते आणि एका भरगच्च पानात साधारण अडीचशे ते तीनशे शब्द मावतात. या आकड्यावरून लेखकांना शब्दमर्यादा आधीच सांगता येते.

फाँट युनिकोडचाच, म्हणजे कोणत्याही संगणकावर मजकूर तसाच उघडेल असा, घ्यावा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेने तयार केलेले मुक्ता आणि बालू, तसेच तिरो देवनागरी मराठी, हे मुक्त परवान्याचे फाँट असल्यामुळे छपाईसाठी वेगळे शुल्क पडत नाही. अनेक फाँटांमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची हिंदी वळणे मुळात येतात. परिच्छेदाची भाषा ‘मराठी’ निवडली की मराठी वळणे मिळतात, मात्र त्यासाठी फाँटमध्ये तशी सोय असावी लागते. काही डीटीपी दुकानांत अजूनही जुन्या सांकेतिक फाँटांवर काम चालते, आणि तिथे युनिकोड मजकूर रूपांतरित करताना नेमके ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ बिघडतात. एका ठिकाणी आमच्या मजकुरातील ‘दुसऱ्या’, ‘वऱ्हाडी’, ‘गाणाऱ्या’ हे सर्व शब्द मोडून आले होते आणि ते छापल्यानंतर लक्षात आले. तेव्हापासून पूर्ण जुळणी स्वतःच करून फाँट अंतर्भूत केलेली पीडीएफच द्यायची, हा नियम आम्ही पाळतो. यासाठी स्क्रायबस ही मोफत प्रणाली पुरेशी आहे, फक्त तिची १.५.३ किंवा नंतरची आवृत्ती घ्यावी, म्हणजे जोडाक्षरे नीट जुळतात.

छायाचित्रे ३०० डीपीआयची, म्हणजे छापील आकारात दर इंचाला ३०० ठिपक्यांची, हवीत. कडेपर्यंत छापायच्या ए-५ पानाला चारही बाजूंनी ३ मिलिमीटरचा ब्लीड (कापताना पांढरी कड राहू नये म्हणून पानाबाहेर वाढवलेला भाग) धरला, तर चित्र किमान १८१९ × २५५१ पिक्सेलचे असावे लागते. व्हॉट्सॲपवर साधेपणाने पाठवलेले चित्र आकुंचित होते, म्हणून ते डॉक्युमेंट म्हणून किंवा ई-मेलने मागवावे. मंचावरील कमी उजेडातली, लाल-निळ्या दिव्यांतील छायाचित्रे कृष्णधवल केल्यावर बहुधा अधिक बोलकी होतात. फक्त मॅपलिथो हा बिनचकाकीचा छपाईचा कागद शाई शोषतो आणि काळोख आणखी गडद होतो, म्हणून सावल्या पडद्यावर दिसतात त्यापेक्षा थोड्या उजळ ठेवाव्यात. मजकुराचा काळा रंग चार रंगांच्या मिश्रणाचा नसून निव्वळ काळ्या शाईचा आहे, हेही तपासावे, नाहीतर बारीक अक्षरांना रंगीत सावली येते.

प्रत्येक परीक्षणाशेजारी गाण्याचा क्यूआर कोड द्यावा. तो दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नसावा, त्याच्याभोवती पांढरी जागा असावी, आणि तो पडद्यावर नव्हे तर छापलेल्या नमुन्यावर, संध्याकाळच्या दिव्यात, दोन वेगळ्या फोनवर तपासावा.

छपाई, पैसा आणि वेळापत्रक

शंभर प्रतींसाठी डिजिटल छपाई घ्यावी. ऑफसेट छपाईत आधी धातूच्या प्लेट तयार कराव्या लागतात आणि त्यांचा खर्च सुरुवातीलाच येतो, त्यामुळे तो मार्ग काही शे प्रतींपासून परवडू लागतो. ३२ पानांच्या एका प्रतीला आतील सात कागद आणि मुखपृष्ठाचा एक कागद लागतो, म्हणजे शंभर प्रतींना आतील ७०० कागद. वाया जाणारे धरून दोन रीम, म्हणजे हजार कागद, पुरतात. आतून ९० किंवा १०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन) मॅपलिथो आणि बाहेरून २५० जीएसएमचे आर्ट कार्ड घ्यावे, आणि कार्डाला दुमडण्याआधी क्रीझिंग करून, म्हणजे घडीच्या जागी दाबून रेघ पाडून, घ्यावे, नाहीतर घडीवर रंग फाटतो. सीताबर्डी, महाल, इतवारी या भागांत फिरून किमान तीन ठिकाणचे दर लेखी घ्यावेत आणि प्रत्येकाला एकाच कागदावर लिहिलेला तपशील द्यावा : आकार, पाने, जीएसएम, रंग, पिना, कटिंग, प्रती. एकूण खर्च भागिले प्रती हा आकडा वाचकांनी सांगितलेल्या किमतीपेक्षा जास्त येत असेल, तर आधी रंग कमी करावेत, मग पाने, आणि प्रती सर्वांत शेवटी.

वेळापत्रक उलट मोजावे. महाविद्यालयांची स्नेहसंमेलने डिसेंबर ते फेब्रुवारीत असतात, म्हणून जानेवारीचा शेवट हा प्रकाशनाचा उत्तम काळ आहे. पोळा, मारबत आणि गणेशोत्सवाच्या दिवसांत मिरवणुकींतील संगीताचे वार्तांकन करून घ्यावे, हिवाळी परीक्षांपूर्वी सर्व मसुदे हाती यावेत, दिवाळीच्या सुट्टीत मांडणी करावी आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पीडीएफ छपाईला द्यावी. दिवाळीपूर्वीच्या महिन्यात छापखाने दिवाळी अंक आणि दिनदर्शिकांत गुंतलेले असतात. त्या काळात विद्यार्थ्यांच्या शंभर प्रतींकडे कोणी नीट पाहील अशी अपेक्षा ठेवू नये.

संपूर्ण छपाईआधी एकच प्रत छापून, पिना मारून मागावी. ती प्रत अंकात काहीही न लिहिलेल्या व्यक्तीने कागदावर, पेन हातात घेऊन वाचावी. कलाकारांच्या नावांचे लेखन त्यांनी स्वतः लिहून दिलेल्या कागदाशी अक्षर न अक्षर ताडून पाहावे. नोंदीसाठी काढलेल्या अंकात नाव चुकले, तर त्या माणसाची नोंदच चुकली.

एक कायदेशीर बाब. १८६७ चा जुना कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायदा, २०२३ लागू झाला आहे. सार्वजनिक घडामोडींच्या बातम्या किंवा त्यांवरील भाष्य ठरावीक कालावधीने छापून प्रसिद्ध करायचे असल्यास नोंदणी करावी लागते. म्हणून पहिला अंक महाविद्यालयाचा प्रकल्प म्हणून, प्राध्यापकांच्या लेखी संमतीने काढावा, आणि तो मासिक किंवा त्रैमासिक करण्याचे ठरल्यास आधी नोंदणीची रीतसर चौकशी करावी.

प्रती हाती आल्या की विक्रीपूर्वी अंकात आलेल्या प्रत्येक कलाकाराला एक प्रत स्वतः जाऊन द्यावी, धुमाल वाजवणाऱ्यालाही आणि खंजिरी वाजवणाऱ्या आजोबांनाही. दोन प्रती महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दाखल करून त्यांचा नोंदणी क्रमांक घ्यावा. मुद्रणाची पीडीएफ, मांडणीची मूळ फाइल, फाँट, मूळ छायाचित्रे, परवानगीची पत्रे आणि मुलाखतींचे ध्वनिमुद्रण एका फोल्डरमध्ये तारखेसह ठेवून त्याच्या दोन ठिकाणी प्रती कराव्यात, आणि पुढच्या वर्षीच्या संचातील दोन विद्यार्थ्यांना तो फोल्डर उघडून दाखवावा.